बोटीतली शेगडी आणि तीन भोकं

माझं सगळं आयुष्य भोकं पाडण्यात गेलं आणि त्यातलं एकही भोक कुणाला आवडलं नाही.

गॅसच्या शेगड्या आणि गिझर बसवणं, बिघडले की दुरुस्त करणं हा माझा धंदा. वर्ध्यात तो मी चाळीस वर्षं केला. आता गुडघे वाकत नाहीत म्हणून दुकानाचं शटर कायमचं ओढलंय, पण डोकं अजून तापतं. संपादकांनी फोनवर सांगितलं, "काका, दिवाळीचा अंक आहे, तुमच्या त्या बोटीची गंमत लिहा." त्या बोटीत दोन माणसं मरता मरता वाचली आणि गावभर तिला गंमत म्हणतात. ठीक आहे, लिहितो. हसायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

आधी धंदा समजून घ्या, फार अवघड नाही. सिलेंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो धुरासारखा वर जात नाही, सांडलेल्या पाण्यासारखा फरशीवर पसरतो आणि दाराखालच्या फटीतून बाहेर पडतो. अर्थात फट असेल तर. दुसरी गोष्ट, आगीला माणसासारखीच हवा लागते. कोंडलेल्या जागेत ती अर्धवट जळते आणि एक विषारी वायू सोडते. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाचं आधी डोकं दुखतं, मग मळमळतं, मग झोप येते आणि त्या झोपेतून जाग येईलच असं नाही. म्हणून आग असेल तिथे एक भोक खाली हवं आणि एक वर हवं. एवढंच सारं शास्त्र आहे.

लोकांना हे कळत नाही असं मी म्हणणार होतो, पण ते खोटं आहे. लोकांना कळतं, पण भोक दिसायला वाईट दिसतं. नवं मॉड्युलर किचन करतात, सिलेंडर कपाटात कोंडतात, झुरळ जाऊ नये म्हणून कपाटाच्या दाराला रबराची पट्टी मारतात, आणि मी ड्रिल मशीन बाहेर काढलं की घरमालक असा ओरडतो जणू मी त्याच्याच पोटावर ते टेकवलं. "भाऊ, लॅमिनेट हाय ते! कालच लावलं!" तळेगावला एका गृहस्थांनी नळी गळते का ते काडी पेटवून पाहिलं होतं. मी पोचलो तेव्हा त्यांच्या तोंडावर भुवया नव्हत्या. "गळूनच राह्यली होती, मी चेक केलं ना," असं ते मला अभिमानानं म्हणाले. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे असतात, हे शेगडीच्या खोक्यातल्या कागदावर चित्रासकट छापलेलं असतं. तो कागद आमच्याकडे लोणच्याच्या बरणीखाली जातो.

हसलात? आता पुढचं वाचा. सिंदी मेघेतल्या एका घरी मी गिझर बसवला होता. न्हाणीघर लहानसं, त्याला काचेच्या झडपांची एकच खिडकी. मी घरच्या सासऱ्यांना बजावलं, की ही खिडकी बंद करू नका आणि धूर बाहेर नेणारा पाइप आणून ठेवा, मी येऊन बसवून देतो. ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात पाहू." मी मान डोलावली आणि दुसऱ्या कामाला गेलो. आता आमच्या भागातली एक रीत सांगतो. उन्हाळ्यात इथे खिडकीखिडकीला कूलर असतो. थंडी सुरू झाली की तो उचलून ठेवतात आणि त्याची उघडी खिडकी बुजवतात. पूर्वी गोणपाटानं बुजवायचे, आता जुन्या फ्लेक्सनं. चौकात वाढदिवसाच्या शुभेच्छांचे जे फ्लेक्स लागतात, ते उतरले की घरोघरी पोचतात. वर्ध्यातल्या कितीतरी खिडक्यांतून हिवाळाभर कोणी ना कोणी पुढारी हात जोडून रस्त्याकडे बघत असतो. त्या घरी कूलरची खिडकी बुजवताना न्हाणीघराचीही बुजवली. दोन दिवसांनी सून आंघोळीला गेली ती बाहेर येईना. दार तोडावं लागलं.

सेवाग्रामच्या डॉक्टरांनी तिचा जीव वाचवला. ती शाळेत शिकवायची. मी भेटायला गेलो तर तिनं विचारलं, "तुम्ही कोण?" मी सांगितलं. थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं, "तुम्ही कोण?" मी उठेपर्यंत तिनं हे चार वेळा विचारलं, चारही वेळा तितक्याच आदबीनं. बाहेर तिचे सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होते, "यानंच बसवला गिझर." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सांगितलं होतं ना! पण सांगून निघून आलो होतो, हेही खरंच होतं. गिझर काढून सायकलला बांधून परत आणायला हवा होता. तेव्हापासून मी नियम केला, की भोक पाडल्याशिवाय आग लावून द्यायची नाही. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे.

आता बोट.

सिंदी मेघेतच आमचे सर राहतात. त्यांनी ज्युनिअर कॉलेजात जन्मभर फिजिक्स शिकवलं आणि मला अकरावीत त्याच विषयात नापास केलं. सरांना समुद्राचं वेड. समुद्र इथून कित्येक जिल्हे पलीकडे, पण वेडाला अंतर कळत नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी अंगणात टिनाची शेड घातली आणि सहा वर्षं खपून तिच्याखाली एक शिडाची बोट बांधली. बावीस फूट लांब, प्लायवूड आणि फायबरची. आत दोघांच्या झोपायच्या फळ्या, मध्ये छोटासा ओटा, वर एक सरकतं झाकण, त्यातूनच खाली उतरायचं. ट्रकवर घालून ती कोकणात न्यायची आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं गोव्यापर्यंत जायचं, बोटीतच राहायचं, बोटीतच रांधून खायचं, असा बेत. त्याआधी सवय म्हणून हिवाळ्यात आठ दिवस आपल्या धरणाच्या पाण्यावर काढायचे. दोघांनी म्हणजे सर आणि कुसुमकाकू, सरांच्या पत्नी.

सरांनी मला बोलावलं ते बोटीत शेगडी आणि हीटर बसवायला.

"हीटर कायले सर?" मी विचारलं. "कोकणात कुठं थंडी राह्यते?"

"पौषात धरणावर झोपून पाह्य एखाद्या दिवशी, मग सांग," सर म्हणाले. "अन् कुसुमचे गुडघे. थंडीत तिले उठता येत नाही."

हीटर त्यांनी परदेशातल्या पुतण्याकडून मागवला होता. तेलाच्या डब्यापेक्षा लहान, चकचकीत, गॅसवर चालणारा, वर धुराडं जोडायला तोंड. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. वर्ध्यात शेगड्या बसवणारे पुष्कळ आहेत, बोटीत शेगडी बसवणारा मी एकटाच. दुकानात बसून मी दोन दिवस ही बातमी येईल त्याला सांगितली.

आणि पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली. घराचा ओटा दाखवला की आमच्या धंद्यात पहिला प्रश्न असतो, पूर्व कुठे? रांधणारीचं तोंड पूर्वेला यावं, अशी शेगडी ठेवायची. चाळीस वर्षांची सवय. बोट अंगणात पूर्वेकडे नाक करून उभी होती, म्हणून मी शेगडी पुढच्या आडव्या फळीला लावून मोकळा झालो. बोटीची शेगडी नुसती ठेवत नाहीत, ती दोन्ही बाजूंच्या खुंट्यांवर पाळण्यासारखी टांगतात. बोट कलली तरी शेगडी सरळ राहते आणि वरण भांड्यातच राहतं. भांडं घसरू नये म्हणून तिला भोवती कठडाही असतो. मी सगळं अगदी नीट टांगलं. सरांनी येऊन बोटीचा एका बाजूचा टेकू सैल केला, एक पाय काठावर ठेवला आणि जोर दिला. बोट बाजूला कलली आणि शेगडीही तिच्याबरोबर कलली.

"बोट कोणीकडे डोलते दिवाकर?" सरांनी वर्गात विचारायचे त्याच आवाजात विचारलं.

"डावीउजवीकडे सर."

"अन् तुझी शेगडी?"

ती मागेपुढे झुलत होती. शेगडी बोटीच्या बाजूच्या भिंतीला हवी होती. आणि पाण्यात गेल्यावर बोट घडीघडीला दिशा बदलणार, तिथे कुठली पूर्व आणि कुठली पश्चिम! मी निमूटपणे सगळं उचकटलं आणि दुसऱ्या जागी लावलं. चूक माझी होती, ती मी इथे छापून कबूल करतो. पण ती मला फार महागात पडली, कारण त्यानंतर सरांनी माझं काहीही ऐकायचं नाही असं ठरवूनच टाकलं.

मी म्हटलं, "तीन भोकं लागतीन सर. एक सिलेंडरच्या पेटीले, बाहेरच्या अंगानं. एक छतातून, हीटरच्या धुराड्यासाठी. अन् एक खाली, काकूंच्या फळीजवळ, ताजी हवा आत यायले."

सरांनी चष्मा काढला. "पाणी आत येऊ नये म्हणून सहा वर्षं मी एकेक सांधा भरला. अन् तू मले बोटीले भोकं पाडायले सांगून राह्यला?"

"पाण्याच्या वरच्या अंगाले पाडाची हायेत सर."

"काऊन पण? गॅस गळला तर वास येते ना."

"वास नाकाले येते. गॅस राह्यते तळाशी अन् नाक राह्यते वर. घराले दाराखाली फट राह्यते, मोरी राह्यते. तुमच्या बोटीले काय हाय? हे त गॅस साठवाचं भांडंच झालं."

"तू मले डेन्सिटी शिकवतो?" सर कडाडले. "शेगडीचं तोंड पूर्वेले करणाऱ्या माणसाचं ऐकू मी?"

इथून जे भांडण सुरू झालं ते तीन महिने चाललं. मी आठवड्यातून दोनदा जायचो, काहीतरी काम करायचो आणि भोकांचा विषय काढायचो. सर नाही म्हणायचे. मी म्हणायचो, पाइपाचं तोंड उलटं वाकवून देतो, लाट आली तरी थेंब आत येणार नाही. सर म्हणायचे, खिडकी उघडी ठेवू. मी म्हणायचो, हीटर लावून खिडकी उघडी ठेवणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. मग सर आवाज चढवायचे, मी त्यांच्यावर चढवायचो. कुसुमकाकू चहा आणून द्यायच्या, थोड्या वेळानं कप उचलून न्यायच्या. शेजारचे लोक गच्चीवर येऊन ऐकायचे. काडी पेटवून गळती बघणाऱ्या माणसाचा मला राग येत नाही, त्याला कोणी शिकवलं नव्हतं. पण ज्या माणसानं हजारो पोरांना हवा तापली की वर जाते हे फळ्यावर काढून दाखवलं, त्यानं आपल्या बोटीच्या रंगापायी ते विसरावं? तेव्हा मला वाटायचं, की अकरावीत चुकीचा माणूस नापास झाला.

शेवटी एके दिवशी मी रेग्युलेटर आणि सगळ्या नळ्या पिशवीत भरल्या. म्हटलं, "सर, तुमी माझे गुरुजी हा. पण भोक नाई त आग नाई." आणि निघून आलो. घरी येऊन दोन दिवस जेवण गोड लागलं नाही, पण मी गेलो नाही.

पंधरा दिवसांनी सर स्कूटरवर दुकानात आले. खाली उतरलेसुद्धा नाहीत. "चल," म्हणाले. "पाड."

भोकं पाडताना सर तुळशीजवळ पाठ करून उभे राहिले. मी ते काम जसं केलं तसं जन्मात दुसरं केलं नाही. सिलेंडरची पेटी बाहेरच्या बाजूला, वरून उघडणारी, आतल्या खोलीशी तिचा काही संबंध नाही. तिच्या तळाशी भोक, म्हणजे गळलेला गॅस परस्पर पाण्यावर निघून जाईल. आत तांब्याची नळी, वीतवीत अंतरावर पकडलेली. छतातून धुराडं काढलं तिथे स्टीलचं दुहेरी कडं, लाकूड काळं पडू नये म्हणून. आणि काकूंच्या फळीच्या पायथ्याशी हवेचं भोक, त्यावर पितळेची जाळी. मग साबणाचं पाणी लावून सांधे तपासले, हीटर पेटवला आणि खालच्या भोकाशी उदबत्ती धरली. ही माझी जुनी पद्धत आहे. धूर सरळ आत ओढला गेला, हीटरकडे वळला, आणि बाहेर पाहिलं तर धुराड्याच्या तोंडाशी हात धरवत नव्हता. आग निळी, एकसारखी.

"कन्व्हेक्शन," सर हळूच म्हणाले.

"हो सर."

"अकरावीत हेच विचारलं होतं तुले."

आम्ही दोघंही हसलो. मी त्यांना पुन्हा बजावलं, "सर, हे भोक कधी झाकाचं नाई." ते म्हणाले, "नाही झाकत बाबा, किती वेळा सांगशील?" शिवाय तो विषारी वायू वाढला की ओरडणारा एक भोंगा मिळतो, तोही मी त्यांना मागवायला लावला. भोंगा आला, मी स्वतः त्याचा खोका पाहिला.

पौषात बोट ट्रकवरून तळेगावच्या पुढे धरणावर गेली. परवानगीचे कागद मिळवायला सरांनी दोन वर्षं खेटे घातले होते. मासेमारांच्या डोंग्यांमध्ये ती पांढरी बोट डोलकाठी घेऊन उभी राहिली तेव्हा आजूबाजूच्या गावांतून लोक बघायला आले. पहिल्या दिवशी मी जाऊन शेगडी पेटवून दिली. काकूंनी चहा केला, बोट डुलली, शेगडी सरळ राहिली, चहा सांडला नाही. माझी बहीण तळेगावला दिलेली आहे. मी तिच्याकडेच मुक्काम केला, म्हटलं दोन-चार दिवस जवळ असलेलं बरं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बहिणीनं बांधून दिलेल्या भाकरी घेऊन मी धरणावर गेलो. ऊन चांगलं वर आलं होतं. किसना नावाच्या मासेमाराच्या डोंग्यात बसून आम्ही बोटीकडे निघालो. पाण्यावर वारा नाही, लाट नाही, परातीतलं पाणी असावं तसं. आणि सर काठाला धरून पाण्यात ओकत होते.

"बोट लागली रे दिवाकर," ते मान वर न करता म्हणाले. "डोकं असं ठणकून राह्यलं ना. कुसुमलेही लागली. तिले त उठताच येत नाई."

किसना हसला. "सर, बोट हालूनच नाई राह्यली, त लागन कशी?"

मी डोंग्यातून कसा वर चढलो ते मला आठवत नाही. सर बाहेर आले होते ते झाकण मागे ओढून घेऊनच, आत थंडी जाऊ नये म्हणून. मी ते ढकलून उघडलं. आतून कोमट, जड हवा तोंडावर आली. हीटर चालू होता आणि आग पिवळी होती, लपलपत होती. काकू उशीला टेकून बसल्या होत्या. गाल लालबुंद. मला बघून म्हणाल्या, "भाऊ, चहा टाकते," आणि उठायला गेल्या तर हात फळीवरून घसरला.

मी आधी हीटर बंद केला. किसनाला हाक मारली. आम्ही दोघांनी काकूंना उचलून वर उघड्यावर आणलं, डोंग्यात घातलं. सरांनाही घातलं. निघण्याआधी मी एकदा आत वाकून बघितलं. काकूंच्या फळीच्या पायथ्याशी, पितळेच्या जाळीवर, फ्लेक्सचा तुकडा लावलेला होता. चारही बाजूंनी खाकी टेप, एक सुरकुती नाही. त्यावर कुणाची तरी अर्धी मिशी आणि 'हार्दिक' एवढी अक्षरं. आत हवा यायला जागाच नाही म्हटल्यावर धुराड्यानं काय ओढायचं? सगळं उलटं आत परतत होतं. आणि भोंगा? तो ओट्यावरच्या कप्प्यात खोक्यात होता. त्यात सेल घालायचे राहिले होते.

किनाऱ्यावर एक जीप मिळाली. दवाखान्यात नेईपर्यंत मी काकूंना झोपू दिलं नाही. तुम्हाला कसं वाटतं, आज वार कोणता, तुमच्या माहेरचं गाव कोणतं, जे सुचेल ते विचारत राहिलो. त्यांनी वार चुकीचा सांगितला, गाव बरोबर सांगितलं. फ्लेक्सचं मी सांगितल्यापासून सर पुढच्या सीटवरून वळून वळून म्हणत होते, "मी नाही झाकलं दिवाकर. तुझी शपथ, मी नाही झाकलं." मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. डॉक्टरांनी दोघांना ऑक्सिजन लावला. संध्याकाळी काकूंनी वार बरोबर सांगितला तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून घेतलं.

चार दिवसांनी दोघं घरी आले. ते चार दिवस मी नुसता धुमसत होतो. सरांना काय काय सुनवायचं ते मी मनात घोकून ठेवलं होतं. तीन महिने! तीन महिने मी एकच गोष्ट सांगत होतो, शंभर प्रकारे, ओरडून, हात जोडून, रेग्युलेटर घेऊन निघून जाऊन. आणि एवढा शिकलेला माणूस बायकोच्या उशाशी असा जीवघेणा खेळ करतो आणि वर शपथा खातो. गुरुजी असले म्हणून काय झालं, आज मी त्यांना नापास करून यायचं असं ठरवून गेलो.

सर ओसरीवर खुर्चीत बसले होते, अंगावर शाल. मी पायऱ्या चढता चढताच म्हटलं, "सर, मले एकच सांगा. तो फ्लेक्स कोणी लावला?"

"मी लावला," आतून आवाज आला. कुसुमकाकू दाराला धरून उभ्या होत्या.

"काकू, तुमी? काऊन?"

"पहिल्या रात्री त्या भोकातून असा वारा आला का गुडघे धरून बसली मी. घरी कूलरची खिडकी दरसाल माह्याच हातानं बुजते. त्या फ्लेक्सचा तुकडा सामानात होता, दिला लावून. ह्यायले सांगतलंबी नाई. त्यात काय सांगाचं?"

"पण काकू, तीन महिने मी इथं ओरडून ओरडून..."

"कोनाजवळ?" काकू म्हणाल्या.

मी सरांकडे पाहिलं. सर माझ्याकडे पाहत होते.

"तुमी ह्यायच्याजवळ ओरडले, हे तुमच्याजवळ ओरडले. गॅस, डेन्सिटी, का न् काय. मी चहा ठेवला अन् कप घेऊन गेली. रांधाचं मले होतं. त्या हीटरजवळ झोपाचं मले होतं. मले एका शब्दानं कोनी सांगतलं का, ते भोक कायले हाय?"

घोकून आणलेलं सगळं माझ्या तोंडातच राहिलं. चार दिवसांचा राग कुठे ठेवावा ते कळेना, कारण ज्याच्यावर काढायचा तो मीच होतो. एवढ्या वर्षांत मी किती स्वयंपाकघरांत गेलो, आणि दरवेळी खुर्चीवर बसलेल्या माणसाशी बोलून आलो. शेगडीशी जी उभी राहणार तिला मी फक्त पूर्व कुठे ते विचारलं.

"बसा," काकू म्हणाल्या. त्या स्वतःही सावकाश खाली बसल्या. "आता सांगा. अन् हे मधात बोलले त मले चालनार नाई."

मी सांगितलं. गॅस जड कसा असतो, आग पिवळी का होते, कोणतं भोक कशासाठी, ते बुजलं की काय होतं. सर एक शब्द बोलले नाहीत. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "मंग भोकासमोर एक आडवी फळी नाई लावता येत का, दोन बोटं जागा सोडून? हवाबी येईन अन् गुडघ्यालेबी नाई लागनार."

"येते ना काकू," मी म्हटलं. "लावता येते."

हे सगळं सांगायला मला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.